रिवर्कच्या रॅकवरची ६० कास्टिंग

वाचकाचं पत्र :

सर, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. ट्रॅक्टरच्या आणि पंपांच्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशिनिंग करतो. प्रायव्हेट लिमिटेड आहे, ३८ माणसं, उलाढाल ११ कोटी. हिशेब टॅलीत, बाकीचं सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या ईआरपीत (खरेदी, स्टॉक, उत्पादन अशा सगळ्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), आणि जे ईआरपीत बसत नाही ते एक्सेलमध्ये. आता ईआरपीवाले एआय मॉड्यूल घ्या म्हणून मागे लागलेत. ते पुरवठादारांची बिलं स्वतः वाचतं, मागणीचा अंदाज बांधतं, त्यावरून मालाच्या ऑर्डरी स्वतःच सोडतं, आलेल्या ड्रॉइंगवरून कोटेशन तयार करतं आणि फायनल इन्स्पेक्शनला कॅमेरा जोडून खराब जॉब (मशिनिंग झालेला भाग) बाजूला काढतं, असं त्यांचं म्हणणं. वर्षाला ४ लाख ८० हजार, करार तीन वर्षांचा. बायको अकाउंट्स बघते, तिला हवंय. बाबा म्हणतात, "स्टोअरला मामा आहेत तोवर मला कुठला एआय नको." मामा २२ वर्षं आमच्याकडे आहेत, कुठल्या रॅकवर काय किती हे त्यांना तोंडपाठ. स्टॉक साधारण १ कोटी १० लाखांचा असतो. गेल्या वर्षी रिजेक्शनमध्ये, म्हणजे खराब निघालेल्या मालात, १९ लाख गेले. डेटा एंट्रीला दोन मुलं आहेत, त्यांनाही धास्ती बसलीय. घ्यावं की नको?

– एक वाचक, शिरोली

उत्तर :

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. तीन वर्षांच्या करारावर सही करू नका. बिलं वाचण्याचा आणि जुळवण्याचा भाग सुटा मिळत असेल तर तीन महिने चालवून बघा. मागणीचा अंदाज आणि कॅमेरा सध्या नको. आणि ऑर्डरी आपल्या आपण सोडण्याची सोय फुकट दिली तरी बंद ठेवा.

एआयवर माझा काही राग नाही. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये डायनॅमिक्समध्ये कोपायलट बसवलं, एसएपीने त्याच वर्षी ज्यूल आणलं, आणि तेव्हापासून लहानसहान ईआरपीवाल्यांनाही मेन्यूत एआयचं एक बटण असल्याशिवाय विक्री करणं अवघड झालंय. बटणामागे काय आहे हे प्रत्येकाचं वेगळं. कुठे खरंच कामाचं इंजिन असतं, कुठे जुनाच मिनिमम-मॅक्सिमम स्टॉकचा फॉर्म्युला नव्या नावाने विकायला ठेवलेला असतो. म्हणून डेमोला आलेल्या माणसाला "हे काय काय करतं" असं विचारूच नका, ते तो दोन तास सांगेल. त्याला विचारा : हे चुकलं तर ती चूक कोणाच्या लक्षात येणार, किती दिवसांनी, आणि तोवर माझे किती पैसे गेलेले असतील? माणूस जाणता असेल तर थांबून विचार करेल. नसेल तर पुढची स्लाइड दाखवेल.

तुम्ही पत्रात आकडे दिलेत, ते फार बरं केलंत. नाहीतर लोक "फायदा होईल का?" एवढंच विचारतात. हिशेब मांडून बघू.

बिलं. तुमच्या आकाराच्या शॉपला कास्टिंग, टूलिंग, जॉबवर्क (बाहेरून करून घेतलेलं काम), वाहतूक सगळं मिळून महिन्याला ४०० बिलं येतात असं धरू. एका बिलाला पाच मिनिटं, म्हणजे ३३ तास. एआयने वाचलं तरी माणसाने मिनिटभर नजर टाकायचीच, म्हणजे वाचतात २७ तासांच्या आतबाहेर. महिना २० हजार पगाराच्या मुलाचा तास शंभरेक रुपयांना पडतो. महिन्याची बचत २,७०० रुपये आणि मॉड्यूलचा खर्च महिन्याला ४०,०००. शिवाय ५ कोटींवर उलाढाल असलेल्या पुरवठादारांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. त्या बिलावरच्या क्यूआर कोडमध्ये जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम हे असतंच. ते वाचायला साधा स्कॅनर पुरतो, एआय कशाला?

स्टॉक. मॉड्यूलमुळे स्टॉक १० टक्क्यांनी उतरला असं मानू, आणि हे मी सढळ हाताने देतोय. ११ लाख मोकळे झाले. कॅश क्रेडिटचं (खेळत्या भांडवलासाठीच्या बँकेच्या कर्जाचं) व्याज ११ टक्के धरलं तर वर्षाला वाचले १ लाख २१ हजार.

आता रिजेक्शन. १९ लाखांतला चौथा हिस्सा जरी वाचला तरी पावणेपाच लाख होतात. म्हणजे अख्ख्या मॉड्यूलचे पैसे जवळजवळ इथेच निघाले. तुमच्या कारखान्यात पैसा सांडतोय तो इथे. आणि विकणाऱ्याच्या पाच वचनांतलं एकही वचन रिजेक्शन होऊच नये यासाठीचं नाही. कॅमेरा खराब जॉब बाजूला काढतो, पण तोपर्यंत जॉब खराब झालेला असतो.

एक काम करा. ईआरपीतून वर्षभराच्या रिजेक्शनच्या नोंदी काढा आणि कारणाचा रकाना वाचा. निम्म्याहून अधिक ओळींपुढे "इतर" किंवा "ऑपरेटर मिस्टेक" दिसलं तर नवल वाटून घेऊ नका, बहुतेक शॉपमध्ये तेच दिसतं. कारण सिस्टीम कारण भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही आणि शिफ्ट संपताना सुपरवायझरला घरी जायचं असतं. आता यातून एआय काय शिकणार? "ऑपरेटर चुकतो" एवढंच. मशिनिंग झाल्यावर उघडा पडलेला ब्लो होल (ओतताना आत राहिलेली हवेची पोकळी), सेटिंगनंतर गेलेला पहिला जॉब, क्लॅम्प जास्त आवळल्याने बोअरला (आतल्या भोकाला) आलेली ओव्हॅलिटी (लंबगोलपणा), झिजलेल्या इन्सर्टवर (कापणाऱ्या पात्यावर) उरकलेले शेवटचे दहा जॉब, ही चार वेगळी दुखणी आहेत आणि चौघांचे उपाय वेगळे. पहिल्यात तर फाउंड्रीला (कास्टिंग ओतणाऱ्या कारखान्याला) डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याची चिठ्ठी, जायला हवी. सगळी एकाच रकान्यात गेल्यावर तो पैसा तुमच्या खिशातून जातो.

म्हणून खराब जॉबबरोबर चार गोष्टी लिहायला लावा : कास्टिंगचा हीट नंबर (ते धातूच्या कोणत्या ओतीतलं आहे तो नंबर), मशीन, शिफ्ट, आणि इन्सर्ट बदलल्यापासूनचा कितवा जॉब. मोबाइलवर फोटो काढून जोडला तर उत्तमच. सहा महिन्यांनी एक्सेलच्या साध्या पिव्होट टेबलात तुम्हाला असं काही दिसेल की बाबाही खुर्ची ओढून बसतील. त्यानंतर एआयला तो डेटा द्या. तेव्हा त्याच्याकडे बघण्यासारखं काहीतरी असेल.

आता मामा. बाबांच्या वाक्यात हट्ट आहे असं तुम्हाला वाटत असेल, मला त्यात माहिती दिसते. असंच एक शॉप मी जवळून पाहिलंय. स्क्रीनवर एका हाउसिंगचे २४० तयार जॉब दिसत होते. स्टोअरचा माणूस म्हणाला, १८०. बाकीचे ६० रिवर्कच्या, म्हणजे दुरुस्तीला काढलेल्या जॉबच्या, रॅकवर होते. बोअर अंडरसाइज आला होता, बोरिंग बार यायची वाट बघत ते पडून होते. प्रॉडक्शनची एंट्री मात्र आदल्या रात्रीच "ओके" म्हणून पडलेली, कारण रिवर्कसाठी ईआरपीत वेगळी जागाच केलेली नव्हती. माणूस २४० हा आकडा बघून "जरा थांबा, बघून येतो" म्हणतो. सॉफ्टवेअर थांबत नाही. ते २४० धरून ग्राहकाला डिस्पॅचची तारीख देतं आणि पुढच्या कास्टिंगची ऑर्डर लांबवतं. हिशेब अचूक असतो, फक्त पायाचा आकडा खोटा असतो.

एमआरपी, म्हणजे कोणता माल कधी किती मागवायचा याचं कॉम्प्युटरवरचं नियोजन, चालवायची तर स्टॉकच्या नोंदी निदान ९५ टक्के जुळल्या पाहिजेत, हा या धंद्यातला जुना दंडक आहे आणि एआय आल्याने तो सैल झालेला नाही, उलट कडक झालाय. एखाद्या सकाळी पहिली शिफ्ट सुरू व्हायच्या आत कोणतेही ५० आयटम निवडा. मामांना मोजायला सांगा, मुलाला स्क्रीन बघायला सांगा. ४८ जुळले तर नियोजनाच्या मॉड्यूलचा विचार करू. ३५ जुळले तर ४ लाख ८० हजार दूर ठेवून आधी रिवर्कची जागा, रिजेक्शनची जागा, जॉबवर्कला गेलेल्या मालाची जागा ईआरपीत नीट करून घ्या. ते तुम्ही आधीच विकत घेतलेलं सॉफ्टवेअर आहे.

आयटम मास्टरचीही (ईआरपीतल्या वस्तूंच्या मूळ यादीचीही) तीच कथा असणार. एकच इन्सर्ट "सीएनएमजी १२०४०८", "सीएनएमजी-१२-०४-०८", "टर्निंग इन्सर्ट १२०४०८" आणि "इन्सर्ट ०.८ रेडियस" अशा चार कोडखाली बसलेला असतो. एका कोडवर शून्य, दुसऱ्यावर चार डबे. ऑर्डरी स्वतः सोडणारी सिस्टीम शून्य बघून पाचवा डबा मागवते. आता इथे मात्र एआयला शंभर मार्क. नावं वेगवेगळी पण वस्तू एकच, हे हुडकण्यात ही नवी मॉडेलं माणसापेक्षा कितीतरी चपळ आहेत. हजारो ओळींची यादी द्या, दुपारपर्यंत जोड्या लावून देतील. फक्त "हो, हे एकच" हा शिक्का मामांनी मारायचा. कारण सीएनएमजी १२०४०४ हाही त्या यादीत असेल, एका आकड्याचा फरक, आणि त्याचा नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.४ आहे. तो ०.८ मध्ये मिसळला की फिनिशिंगला काय होतं ते तुमच्या सेटरला विचारा. हे काम एकदाच करायचं आहे, त्याला वर्षाची वर्गणी लागत नाही.

मागणीच्या अंदाजाबद्दल माझं मत जरा तिखट आहे. तुम्हाला तो हवाच कशाला? तुम्ही दुकानदार नाही. ट्रॅक्टर कंपनीचा पुरवठादार तुम्हाला महिन्याचं शेड्यूल देतो. प्रश्न आहे तो त्या शेड्यूलवर किती विश्वास ठेवायचा याचा. मागच्या १२ महिन्यांत २५ तारखेला आलेलं शेड्यूल काय होतं आणि पुढच्या महिन्यात प्रत्यक्ष उचल किती झाली, हे दोन रकाने प्रत्येक पार्टीसाठी शेजारी शेजारी ठेवा. एक पार्टी कायम ८० टक्के उचलते, दुसरी शेवटच्या आठवड्यात दीडपट मागते, हे तुम्हाला एका संध्याकाळी एक्सेलमध्ये कळेल.

आणि मागच्या आकड्यांवरून पुढचं सांगणाऱ्याला नेमकं काय कळत नाही, ते ट्रॅक्टरच्याच धंद्यात नुकतं दिसलं. १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून जीएसटी उतरणार असल्याची घोषणा झाली, ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबरपासून. मधल्या पाच आठवड्यांत कोणता शहाणा शेतकरी ट्रॅक्टर घेईल? आणि २२ तारखेनंतर कोण थांबेल? हे बाबांना घोषणेच्या दिवशीच उमगलं असणार. इतिहासावर शिकलेल्या सिस्टीमला आधी वाटणार की मागणी आटली आणि मग वाटणार की ती कायमची वाढली. सणांचं तेच. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, आणि २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने ते ८ नोव्हेंबरला जातं. इंग्रजी महिन्यांवर हंगाम शिकलेलं मॉडेल ऑक्टोबरमध्ये तुमचा माल वाढवून बसेल. पंचांग त्याला भरवता येतं, नाही असं नाही, पण भरवलंय का हे विचारावं लागतं. जोतिबाच्या चैत्र यात्रेला तुमच्या शॉपमध्ये किती माणसं हजर असतात, हेही विचारून बघा त्याला.

हे फक्त लहानांचंच होतं असं समजू नका. नायकेने मागणीच्या अंदाजासाठी आय-टू या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, जिचे एक संस्थापक संजीव सिद्धू हे आपल्याकडचेच. फेब्रुवारी २००१ मध्ये नायकेला जाहीर करावं लागलं की न खपणारे बूट भरमसाट आणि खपणारे कमी अशा ऑर्डरी गेल्या. विक्रीचं नुकसान सुमारे १० कोटी डॉलर. तेव्हा त्याला कोणी एआय म्हणत नव्हतं, पण प्रकार हाच : चुकीच्या आकड्यावर माणसाने न थांबवलेली ऑर्डर. नायकेने ते पचवलं. तुमच्या शॉपने चुकून १२ लाखांची जास्तीची कास्टिंग मागवली तर फाउंड्री लघुउद्योग असल्यास लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला तुम्ही कायद्याने बांधील. ते लांबवले आणि वर्षअखेर आली तर आयकरातही तो खर्च पैसे देईपर्यंत धरता येत नाही. आणि तुमचा ग्राहक तुम्हाला कधी देतो, ते तुम्ही जाणताच. म्हणून ऑर्डरची सूचना एआयने द्यावी, सही माणसाची.

कॅमेऱ्याची जाहिरात "९५ टक्के अचूक" अशी असते. ऐकायला छान. हजार जॉबमध्ये २ टक्के खराब, म्हणजे २० धरा. कॅमेरा त्यांतले १९ पकडतो, एक सुटतो. चांगल्या ९८० मधलेही ५ टक्के तो खराब म्हणणार, म्हणजे ४९. बाजूला काढलेले एकूण ६८, त्यांतले ४९ चांगले. ते पुन्हा तपासायला माणूस लागणारच. आणि सुटलेला एक? हजारात एक म्हणजे १,००० पीपीएम (दहा लाखांत हजार), वाहन उद्योगातल्या ग्राहकाच्या रेटिंगमध्ये तेवढ्यावर तुम्ही लालमध्ये जाता. गंमत म्हणजे जी सिस्टीम काहीच न बघता सगळ्यांना "ओके" म्हणेल तीही ९८ टक्के अचूक ठरते! तेव्हा अचूकतेचा एकच आकडा स्वीकारू नका, खराब किती सुटले आणि चांगले किती अडवले हे दोन आकडे वेगळे मागा, तेही तुमच्या जॉबवर, कूलंटचा ओलावा आणि चुरा लागलेला असताना, तुमच्या शॉपच्या उजेडात. माणसंही चुकतात, रात्रपाळीत पहाटे चार वाजता तर सर्रास चुकतात, त्यामुळे कॅमेरा कधीच नको असं मी म्हणणार नाही. पण तो शिकायला खराब जॉबचे शेकडो फोटो लागतात, आणि ते अजून तुमच्याकडे नाहीत. वर सांगितलेली नोंद सुरू केलीत तर वर्षभरात जमतील.

कोटेशनचं थोडक्यात सांगतो. ग्राहकाच्या मेलमधून संख्या, ग्रेड, तारीख उचलून मसुदा तयार करणं, हे काम एआय झकास करतं आणि तुमचा एक तास वाचवतं. ड्रॉइंगवरून दर काढू देऊ नका. ड्रॉइंगवर कॅपिटल एच सेव्हन असेल तर तो होलचा टॉलरन्स (मापात चालणारी तफावत), स्मॉल एच सेव्हन असेल तर शाफ्टचा. धूसर स्कॅनमध्ये या दोन अक्षरांत मॉडेलची गफलत झाली की तुम्ही भलत्याच ऑपरेशनचा दर देऊन मोकळे. आणि ती चूक कळते ऑर्डर आल्यावर, पहिल्या लॉटला.

त्या ड्रॉइंगवर ग्राहकाचा हक्क आहे आणि तुम्ही गुप्ततेच्या करारावर सही केलेली असणार, हेही विसरू नका. २०२३ मध्ये सॅमसंगच्या सेमीकंडक्टर विभागातल्या लोकांनी सोर्स कोड आणि मीटिंगच्या नोंदी चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि मे महिन्यात कंपनीने असल्या साधनांवर बंदीच आणली. तुमच्याकडे कोण काय टाकतंय ते आजच विचारा. मॉड्यूल घेतलं नाही तरी मुलं मोबाइलवर हे सगळं वापरतच असतात, घाईत ड्रॉइंगचा फोटोही टाकतात. वाईट हेतूने नव्हे, काम लवकर व्हावं म्हणून. काय टाकायचं नाही याची चार ओळींची सूचना फलकावर लावा.

मग एआयला द्यायचं काय? जुळवाजुळव. पुरवठादाराचं बिल, तुमची पर्चेस ऑर्डर, गेटवर आलेला माल आणि दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर दिसणारं जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचा तुमच्या नावचा तक्ता), ही चार कागदं एकमेकांशी लावून कुठे दर वेगळा, कुठे संख्या कमी, कुठे पुरवठादाराने बिल भरलंच नाही, हे दाखवणं. तसंच जॉबवर्कची चलनं. प्लेटिंगला ५०० गेले, ४९२ आले, आठ कुठे? जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही तर तो गेला त्याच दिवशी विकला असं जीएसटीचा कायदा धरतो, त्यामुळे हे आठ कोणीतरी विचारलेच पाहिजेत. इथे एआय चुकलं तर काय होईल? एखादी न जुळणारी ओळ विनाकारण दाखवेल, तुमच्या बायकोची दोन मिनिटं जातील. एखादी सुटली तर ती १४ तारखेला पोर्टलवर किंवा महिनाअखेरच्या खातेउताऱ्यात वर येतेच. माल हललेला नसतो, पैसा गेलेला नसतो. तिला हवंय ते याचसाठी असेल, तर तिचं बरोबर आहे.

फक्त एक अट. एआयने केलेली कोणतीही एंट्री तिच्या लॉगिनमधून होऊ देऊ नका, त्याला वेगळा युजर आयडी द्या. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी काय बदललं याचा माग ठेवणं १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं आहे, आणि तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे. उद्या ऑडिटरने विचारलं की हा दर कोणी बदलला, तर लॉगमध्ये तिचं नाव आणि काम मशीनचं, असं व्हायला नको. त्या युजरला वाचण्याचे आणि मसुदा ठेवण्याचे अधिकार द्या, पक्कं करण्याचे आणि खोडण्याचे अजिबात नाहीत. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एआय एजंटने, काहीही बदलू नको असं सांगितलेलं असताना, एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांना ते जाहीरपणे मान्य करावं लागलं. सूचना देणं वेगळं आणि अधिकारच न देणं वेगळं.

करारात काय बघायचं ते सीएला आणि शक्य तर वकिलाला दाखवून घ्या, पण चार गोष्टी तुम्ही स्वतः विचारा. सोडून जायचं ठरलं तर आयटम मास्टर, बीओएम (एका जॉबला काय काय माल लागतो त्याची यादी) आणि सगळे व्यवहार एक्सेलमध्ये किती दिवसांत मिळतील? आमचा डेटा दुसऱ्यांसाठीचं मॉडेल शिकवायला वापरणार का? बिलांची संख्या वाढली तर जादा दर लागतो का, आणि दुसऱ्या वर्षी दर किती वाढू शकतो? एआय बंद केलं तर उरलेलं ईआरपी आहे तसं चालेल ना? नुकसानभरपाईचं कलमही वाचा. असल्या करारांत बहुधा विक्रेत्याची जबाबदारी तुम्ही भरलेल्या फीपुरती मर्यादित असते. चुकीच्या ऑर्डरचे १२ लाख तुमचेच.

डेटा एंट्रीच्या मुलांना आजच सांगा की कोणालाही काढणार नाही, आणि तसं खरंच ठरवा. काम जाणार असं वाटणारा माणूस सिस्टीमला नीट माहिती भरत नाही, हे मी जागोजागी पाहिलंय. त्यांच्यासाठी काम भरपूर आहे. एकाला रोज दहा आयटम मोजायला मामांबरोबर धाडा. दुसऱ्याला रिजेक्शनच्या नोंदींवर बसवा.

आणि त्या मोजणीच्या निमित्ताने मामा बोलतील ते लिहून घ्यायला सांगा. पावसाळ्यात फाउंड्रीची वाळू ओलसर राहिली की ब्लो होल वाढतात, म्हणून जुलैत कास्टिंग चार जास्त मागवायची, हे मामांना ठाऊक आहे आणि ईआरपीत कुठेही नाही. मास्टरमध्ये सगळ्या पुरवठादारांना माल पोचवायला सहा वर्षांपूर्वी टाकलेले सरसकट १५ दिवस असतील. मामांना विचारा, कोण खरंच १५ दिवसांत देतो आणि कोण "उद्या गाडी निघते" म्हणून २५ लावतो. ते आकडे मास्टरमध्ये घाला. बाबांनाही हे पटेल, कारण यात मामांना बाजूला सारणं नाही, त्यांचं म्हणणं कॉम्प्युटरला ऐकायला लावणं आहे. मामा निवृत्त होणारच आहेत कधीतरी, हा विषय बाबांपुढे मी काढला असता तर ते चिडले असते. तुम्ही काढा.

विक्रेता तीन महिन्यांसाठी सुटा भाग द्यायला तयार नसेल तर ओढाताण करू नका, थांबा. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात तेच लोक स्वतः फोन करतील. त्यांचंही टार्गेट ३१ मार्चलाच संपतं.